निम्मे कोणाचे?

जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे खुंट्यावर हात दोघींचे असत, वैरण मात्र बहुधा एकीच्याच मुठीने पडे. भाकरी थापताना त्या पिठातले निम्मे कोणाचे, हे कोणी विचारीत नसे. एखाद्याने विचारलेच असते तर दोघी तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. हाच प्रश्न वर्गात आला की हसण्यावारी नेता येत नाही. तिथे प्रत्येक मुठीला मार्क असतात, आणि मार्कांना रोल नंबर असतो.

मी गेली तीस वर्षे मुलांना संगणकाचे प्रोग्रामिंग शिकवितो. या विषयात एक पद्धत आहे, तिला ‘पेअर प्रोग्रामिंग’ म्हणतात. आपण जोडीचे प्रोग्रामिंग म्हणू. घरातल्या तरुण मंडळींना ती ठाऊक असेल, पण दिवाळी अंक नातवाच्या हातून आजीच्या हाती जात असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रोग्राम म्हणजे संगणकाने करावयाच्या कामाची कृती. चकलीची कृती सांगताना आजी “मोहन अंदाजाने घाल” एवढेच म्हणते आणि सुनेला ते समजते. संगणकाला अंदाज नाही. त्याला तेल किती चमचे, कढत की गार, भाजणी संपली तर काय करावयाचे आणि मुळात भाजणीच नसली तर काय, हे सगळे आधी लिहून द्यावे लागते. त्यातले एक चिन्ह राहिले तर तो अडून बसतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. ही कृती लिहिण्यासाठी दोघांनी एकाच यंत्रापुढे बसावयाचे. एकाच्या हाती कीबोर्ड, तो ड्रायव्हर. दुसरा नॅव्हिगेटर, लांबच्या प्रवासात गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी बसून वाट सांगणारा असतो ना, तसा. तो पाहतो, विचारतो, अडवितो, पुढचे वळण सांगतो. थोड्या वेळाने जागा बदलावयाच्या. पद्धत एवढीच.

केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे हिचा बोलबाला झाला. पण ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. एनियॅक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात लोकांना दाखविला, तेव्हा त्यावर तोफगोळ्याच्या मार्गाचा जो हिशेब करून दाखविण्यात आला तो जीन जेनिंग्स आणि बेटी स्नायडर या दोन तरुणींनी जोडीने बसविला होता. एकमेकींच्या चुका काढण्यात दोघींना आनंद वाटे, असे जीनबाईंनी पुढे म्हातारपणी सांगितले आहे. चूक काढणारीला आनंद होतो यात नवल नाही. जिची चूक निघाली तिलाही व्हावा, हे मात्र मला फार दुर्मिळ वाटते. नवराबायकोच्या जोडीतही ते आढळेलच असे नाही.

वर्गात ही पद्धत आणली म्हणजे पहिली अडचण येते ती श्रेयाची. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. बँकेतले गृहस्थ, बोलणे मऊ, हिशेब पक्का. म्हणाले, “सर, राग मानू नका. आमचा मुलगा रात्री जागून प्रोग्राम लिहितो. त्याच्या जोडीला जी मुलगी आहे तिलाही तेवढेच मार्क. मग त्यातले निम्मे कोणाचे?” आयत्या बिळावर नागोबा ही म्हण त्यांच्या ओठावर आली होती, सभ्यपणाने त्यांनी ती गिळली.

त्यांचा प्रश्न हलका नव्हता. ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो, तिथे मार्क म्हणजे नुसता आकडा नसतो. ती नोकरी असते, बहिणीचे शिक्षण असते, कधी गहाण पडलेले घर असते. अशा माणसाला ‘विद्या दिल्याने वाढते’ हे सुभाषित ऐकविणे मला बरे वाटले नाही. विद्या वाढते, पण गुणवत्ता यादी वाढत नाही.

त्या मुलीकडून मात्र कोणी आले नाही. ती तालुक्याच्या गावची, मराठी शाळेतून आलेली. तिचे वडील शेतात असावेत. तोंडी परीक्षेला मी दोघांना वेगवेगळे बोलाविले. ती प्रोग्राममधली फेरी कुठे थांबते आणि यादीत एकही नाव नसेल तर काय घोटाळा होईल, हे नीट सांगत होती. पण कोऱ्या कागदावर नवा प्रोग्राम लिही म्हटल्यावर तिचा हात अडला. मुलाने कागद झराझरा भरला, आणि ही ओळ इथेच का, असे विचारल्यावर म्हणाला, “सर, ती तशीच असते.” आता यातले निम्मे कोणाचे? पुस्तक फाडून दोघांनी अर्धे अर्धे घेतले तर ज्याला पहिला अर्धा आला त्याला कथा कळली असे म्हणावयाचे, की ज्याला शेवट मिळाला त्याला? मी दोघांना होते तसेच ठेविले आणि बँकेतल्या गृहस्थांना एवढेच सांगितले की तोंडी परीक्षेचे मार्क ज्याचे त्याला स्वतंत्र मिळतील. त्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही.

हिशेबच नको म्हणणारेही होऊन गेले आहेत. इंग्लंडात हार्डी आणि लिटलवूड या दोन गणितज्ञांनी सुमारे पस्तीस वर्षे मिळून काम केले, आणि त्यांनी आपसांत काही नियम ठरवून घेतले होते, असे हॅराल्ड बोर या तिसऱ्या गणितज्ञाने सांगून ठेविले आहे. एक नियम असा की दोघांच्या नावावर निघालेल्या निबंधात एकाने काडीचीही भर घातली नसली तरी हरकत नाही. दुसऱ्या एका नियमाने तर आलेले पत्र वाचण्याचेही बंधन नव्हते! हे ऐकावयास उदात्त वाटते. पण दोघेही आधीच मोठे होते, दोघांचीही पोटे भरलेली होती, आणि कोणाला कोणापुढे आपली लायकी सिद्ध करावयाची नव्हती. अठरा वर्षांच्या मुलांवर हा नियम लादला तर जो बोलका तो हार्डी होईल आणि जो गप्प तो नुसता नावापुरता उरेल.

मग मी संशोधकांकडे वळलो. या विषयावर परदेशी विद्यापीठांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९९९ साली लॉरी विल्यम्स या बाईंनी वरच्या वर्गातले ४१ विद्यार्थी घेतले. २८ जणांच्या १४ जोड्या केल्या, १३ जणांना एकटे बसविले. दोन्हीकडे हुशारी सारखी राहील अशी काळजी घेतली. चार प्रोग्राम दिले. एकट्यांचे प्रोग्राम शेकडा ७० ते ७८ चाचण्यांना उतरले, जोड्यांचे ८६ ते ९४. दोघांचे तास मिळवून पाहिले तर पहिल्या कामाला जोड्यांनी एकट्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला, शेकडा ६० च्या घरात. एकमेकांची सवय झाल्यावर ते जास्तीचे प्रमाण १५ वर आले. थोडा वेळ अधिक आणि माल पुष्कळ चांगला. कारखानदाराला एवढे पुरे. त्याला प्रोग्राम हवा असतो.

शिक्षकाला प्रोग्राम नको असतो. मुलांनी लिहिलेला पाढ्याचा किंवा पगारपत्रकाचा प्रोग्राम घेऊन तो काय करणार? सबमिशन झाले की ती वर्षभराची कमाई रद्दीत जाते. त्याला हवे असते ते मुलाच्या डोक्यात काय उरले, हे. आणि ते पाहावयाचे तर जोडी फोडावी लागते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात चार्ली मॅकडॉवेल, लिंडा वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या सुमारास हेच केले. साडेपाचशेच्या आसपास नवखे विद्यार्थी. काही तुकड्यांत वर्गाचे काम जोडीने, काहींत एकेकट्याने. शेवटची परीक्षा मात्र सगळ्यांची एकेकट्याची. निकाल काय लागला? जोडीतल्यांचे आणि एकट्यांचे मार्क जवळजवळ सारखे.

हे प्रथम वाचले तेव्हा मी निबंध बाजूला ठेवून दिला. दोघांना शेजारी बसवून प्रत्येकाच्या पदरात जास्त काहीच पडत नसेल, तर हा खटाटोप कशासाठी? पण त्याच निबंधात दुसरा एक आकडा आहे. शेवटच्या परीक्षेला बसले किती? एकट्यांतले शेकडा ८० च्या आसपास, जोडीतले जवळजवळ ९१. म्हणजे शंभर मुलांमागे दहा मुले अशी, की जी एकटी असती तर मधेच विषय सोडून गेली असती. ती गेली नाहीत. आणि अशी काठावरची दहा मुले परीक्षेला येऊन बसली तरी वर्गाची सरासरी खाली आली नाही! पुढच्या वर्गात सगळ्यांना एकट्याने काम करावयाचे होते. तिथेही जोडीतून आलेली मुले मागे पडली नाहीत. मुलींचा आत्मविश्वास जोडीत वाढलेला दिसला, हेही त्यांनी नोंदविले आहे.

तेव्हा शेजारच्याने काय दिले? ज्ञान दिले असे आकडे म्हणत नाहीत. त्याने फक्त उठून जाऊ दिले नाही. हे कसे घडत असेल ते कोणत्याही लॅबमध्ये दुपारी चार वाजता जाऊन पाहावे. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसते. एकटा मुलगा ती तीनदा वाचतो, पंख्याकडे पाहतो, आणि आपल्या डोक्यातच हा विषय शिरण्यासारखा नाही असा निकाल स्वतःवर देतो. वर अपील नसते. शेजारी कोणी असले की तो दुसरा म्हणतो, “मलाही नाही कळत.” या तीन शब्दांत माहिती काडीची नाही, पण निकाल पालटतो. दोष आपल्या डोक्याचा नसून कामच अवघड आहे, हे त्याला कळते, आणि अवघड काम माणूस बसून करू शकतो.

बँकेतल्या गृहस्थांच्या प्रश्नाचा रोख इथे बदलतो असे मला वाटते. आपण विचारतो, याच्या कमाईतले त्याने किती खाल्ले? एकाने थांबल्यामुळे दुसरा थांबला, तर त्याची नोंद कोणाच्या खात्यावर करावयाची? आमच्या जर्नलात तसा रकाना नाही. बँकेतही नसावा.

इथे एक शंका मनात येते आणि ती बोलून दाखविली पाहिजे. ज्या तुकड्यांतल्या मुलांना एकटे बसविले, त्यांतली जी पाचातली एक जण परीक्षेपूर्वीच निघून गेली, तिचे काय? एका बाजूला सोबत आणि दुसऱ्या बाजूला एकांत ठेविल्याशिवाय फरक कळत नाही. आणि फरक कळेपर्यंत कोणीतरी एकांतात बसलेले असते. औषधाच्या प्रयोगात हा प्रश्न जुना आहे. वर्गातही तो आहे, फक्त तिथे कोणाला ताप चढत नाही म्हणून दिसत नाही. माझे मत असे, की काय बरे हे खरोखर ठाऊक नसते तोवर असा प्रयोग करण्यात अन्याय नाही. उलट, ठाऊक नसताना आपल्या लहरीप्रमाणे साऱ्या वर्गाला एकाच पद्धतीने हाकणे हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची वही ठेविलेली नसते. पण एकदा कळल्यावर केवळ निबंधाला भर म्हणून पुन्हा मुले एकटी बसवीत राहणे, हे मला पटत नाही.

कळले आहे का, हा मात्र पुढचा प्रश्न. हॅने आणि त्यांच्या नॉर्वेतल्या सहकाऱ्यांनी २००९ साली तोवरचे १८ प्रयोग एकत्र मांडून पाहिले. जोडीमुळे कामाच्या गुणवत्तेत होणारा फायदा त्यांना लहानसा दिसला, वेळेत बऱ्यापैकी, आणि दोघांचे मिळून श्रम जास्त. शिवाय ज्यांत फायदा दिसला नाही असे प्रयोग छापलेच गेले नसावेत, असा संशयही त्यांनी बोलून दाखविला. विद्वानांचाही कल असा, की सुगीची बातमी लिहावी, दुष्काळाची नको. या निबंधाने माझा उत्साह थंड झाला नाही. मी जे शोधीत होतो ते त्या तराजूत मुळी घातलेलेच नव्हते.

मला जास्त अस्वस्थ केले ते एका लहान अभ्यासाने. कॉलीन लुइस आणि निरल शाह या दोघांनी अमेरिकेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या मोजक्या जोड्या घेतल्या. त्यांचे सगळे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि ओळ न् ओळ तपासली: कोण किती बोलला, कोणी हुकूम सोडले, कोणी प्रश्न विचारले. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. ज्या जोड्यांत एक जण दुसऱ्यावर स्वार झालेला दिसला, तिथे त्यांना एक गोष्ट आढळली. त्या मुलांना काम लवकर उरकावयाचे होते. मनात दुष्टावा नव्हता, वैर नव्हते, घाई होती. घाई असली की विचारणारा अडथळा वाटतो, आणि ज्याला समजले आहे तो ज्याला समजले नाही त्याच्या हातून कीबोर्ड ओढून घेतो.

हे मी ओळखतो. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे साठ मुलांना वीस यंत्रे होती, तीही अधूनमधून रुसणारी. तेव्हा कोणी ‘पेअर प्रोग्रामिंग’ हा शब्द ऐकला नव्हता. एका यंत्रापाशी तिघे, फार तर दोघे बसत ते दारिद्र्यामुळे. तासाचा वेळ ठरलेला, बाहेर पुढची बॅच उभी. मग वाटणी आपोआप होई. ज्याच्या घरी संगणक असे तो टाइप करी, आणि मुलगी असली तर जर्नल लिही. “सर, तिचं अक्षर चांगलं आहे,” असे मुले सांगत. अक्षर खरोखरच चांगले असे. संबंध वर्षभर त्या मुली दुसऱ्यांचे प्रोग्राम सुरेख अक्षरात उतरवीत, आणि त्यांच्या चांगुलपणाचे कौतुकही होई. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणजे गुण लागतो म्हणतात; पण पवळ्याला दावणीलाच बांधून ठेविले आणि औताला एकट्या ढवळ्यालाच जुंपले, तर कसला गुण लागणार?

म्हणून मी घरचे गजराचे घड्याळ लॅबमध्ये नेऊन ठेविले. दर वीस मिनिटांनी गजर होतो आणि कीबोर्ड पलीकडे सरकतो. ओळ अर्धी असली तरी सरकतो. हुशार मुलांना याचा राग येतो. एकदा एकाने मला हिशेब करून दाखविला की यामुळे तासाला अमुक इतकी मिनिटे फुकट जातात. मी म्हटले, जाऊ देत, तीच मिनिटे मला हवी आहेत. जर्नलही आता दोघांनी आपापले लिहावयाचे. अक्षर कसेही असो.

आता नवीनच एक शेजारी आला आहे. २०२१ साली गिटहब या कंपनीने कोपायलट नावाचे कृत्रिम बुद्धीचे साधन जाहीर करताना त्याची ओळखच ‘जोडीचा प्रोग्रामर’ अशी करून दिली. दोन अक्षरे लिहावीत, पुढची दहा ओळी तो लिहितो. मुले त्याच्यावर खूष आहेत, आणि खोटे कशाला बोलू, त्याचे काम पाहून मीही चकित होतो. तो थकत नाही, उशिरा येत नाही, घामाचा वास येत नाही, आणि मार्कांत वाटा मागत नाही. बँकेतल्या गृहस्थांना तो पसंत पडेल. पण त्याला “मलाही नाही कळत” असे म्हणता येत नाही; म्हटले तरी ते कोणाला खरे वाटणार नाही. त्याच्याकडून कीबोर्ड घेऊन त्याला शिकवावे, त्याच्यासाठी थांबावे, तो रुसला तर समजूत काढावी, यातले काहीच करावे लागत नाही. त्याचे आपल्यावर देणे राहत नाही. ही सोय आहे की तोटा, यावर माझ्या सहकाऱ्यांत दोन तट आहेत. मी कोणत्या तटात आहे ते वाचकांनी ताडले असेलच. पण ज्या मुलीचे जर्नल लिहिण्यातच वर्ष गेले असते, तिला कधीही न ओरडणारा हा शेजारी अधिक बरा वाटला, तर तिला मी काय सांगावे? तिच्या शेजारच्या माणसाने तिला आजवर काय दिले होते?

यंदा माझ्या बॅचला २३ मुले आहेत. संशोधनाच्या निबंधात उरलेल्या एकाचा हिशेब बाजूला काढता येतो. वर्गात त्याला कुठेतरी बसवावे लागते. खिडकीजवळच्या एका जोडीपाशी मी तिसरे स्टूल ठेविले आहे. तिसऱ्याची पाळी यावयास चाळीस मिनिटे लागतात, आणि तोवर त्याने काय करावयाचे याविषयी कोणत्याही निबंधात मला काही सापडलेले नाही. पहिले काही आठवडे तो वहीच्या मागच्या पानावर विमाने काढीत असे. परवा पाहिले, तर त्याने स्टूल पुढे ओढून दोघांच्या मधोमध घेतले होते आणि पडद्यावर बोट ठेवून तो त्यांना काहीतरी विचारीत होता. दोघेही हात थांबवून तिकडे पाहत होते. काय विचारतो आहे ते ऐकावे म्हणून मी दोन पावले पुढे झालो, तेवढ्यात गजर झाला.